चिडाची राळ: खडा, पूड, रस आणि धूर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, राळेचे किलोभर खडे विकत आणले आहेत, शिवाय पाइनच्या खोडावरून खरवडलेला थोडा चीकही जमवला आहे. त्यातून सोल्डरिंगसाठी (सोल्डर म्हणजे कथिलाचा मिश्रधातू वितळवून तारा जोडण्यासाठी) फ्लक्स, म्हणजे जोडायचा धातू स्वच्छ करणारा पदार्थ, करायचा आहे आणि व्हायोलिनच्या गजाला लावायची वडी ओतायची आहे. चीक वितळवायला घेतला तर तो फेसाळून भांड्याबाहेर आला. सोल्डरिंगच्या धुराने खोकला येतो, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली आहे, घरात लहान मूल आहे. आणि शेवटी विचारलंय, ‘झाडातून येणारी नैसर्गिक वस्तू आहे, मग इतकी काळजी करायला हवी का?’

राळ, मेण आणि व्हार्निश यांची मिश्रणं करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी सतत ऐकायला मिळतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द बाजूला ठेवू, कारण त्यावरून काहीच ठरत नाही. ‘राळ सुरक्षित आहे का’ या प्रश्नालाही एक उत्तर नाही. राळ कुठल्या रूपात आहे, हे आधी सांगावं लागतं. टेबलावर पडलेला खडा जवळजवळ निरुपद्रवी. त्याचीच पूड केली की ती हवेत उडते, पेट घेऊ शकते, शिवाय हवेतल्या ऑक्सिजनने लवकर बिघडते. वितळवली की भाजणारा, चिकटणारा, जळणारा द्रव. आणि ३५० अंशांच्या सोल्डरिंग आयर्नवर टेकवली की धूर, जो फुप्फुसांना अजिबात मानवत नाही. तुमच्या तक्रारी तीन आहेत, आणि तिन्हींचं कारण राळेचं वेगवेगळं रूप आहे. म्हणून एकेक घेतो.

आधी फेसाचं, कारण त्यात आग लागण्याचा धोका होता आणि तुम्ही थोडक्यात वाचलात. खोडावरचा चीक आणि विकत मिळणारी राळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चिकामध्ये घन राळेबरोबर टर्पेंटाइन हे उडून जाणारं तेल असतं, साधारण पाचवा हिस्सा, कमीजास्त. शिवाय पाणी, सालीचे तुकडे, किडे, माती. कारखान्यात हा चीक आधी पातळ करून गाळतात, धुतात, मग वाफेच्या साहाय्याने टर्पेंटाइन उडवून वेगळं काढतात. खाली जी उरते आणि थंड झाल्यावर काचेसारखी घट्ट होते, ती राळ. तुम्ही चीक तापवलात तेव्हा आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली, टर्पेंटाइन उडू लागलं, आणि वरचा द्रव दाट असल्यामुळे बुडबुडे फुटेनात. म्हणून फेस चढला. टर्पेंटाइनची वाफ सुमारे ३५ अंशांनाच ठिणगीने पेटण्याइतकी होते. म्हणजे उघड्या ज्योतीवर चीक तापवणं म्हणजे एका भांड्यात इंधन उडवणं आणि खाली काडी लावून ठेवणं. घरात हे करू नका. जमवलेला चीक वाळलेला, पांढरट, कडक झालेला असेल तर त्यात टर्पेंटाइन कमी उरलेलं असतं, पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ असं नव्हे. नाकाशी धरा. टर्पेंटाइनचा झणझणीत वास येत असेल तर तो शेगडीपासून दूरच राहू द्या. फार हौस असेल तर अल्कोहोलमध्ये गारच विरघळवा, जाड कापडातून गाळा आणि त्या द्रावणाचाच उपयोग करा. चिकासाठी झाडाची साल मात्र मुद्दाम सोलू नका. जखम झालेलं झाड चीक सोडतं ते किडीला आणि बुरशीला अडवण्यासाठी.

आता तुम्ही विकत आणलेले खडे. बाजारातली राळ तीन वाटांनी येते. जिवंत झाडाला चरे पाडून काढलेल्या चिकापासून, जुन्या बुंध्यांचं लाकूड बारीक करून त्यातून द्रावकाने ओढून, आणि क्राफ्ट पद्धतीने कागदाचा लगदा करताना जे तेलकट उपउत्पादन निघतं त्यापासून. तिन्ही रासायनिकदृष्ट्या जवळच्या, पण वास आणि रंग वेगळा. लगद्याच्या वाटेने आलेल्या राळेला कधी कधी गंधकाचा किंचित वास राहतो. फ्लक्सला तिन्ही चालतात. गजाच्या वडीसाठी मी पहिली वापरतो. तिचा वास स्वच्छ असतो आणि काय घातलंय याचा अंदाज येतो.

रंगावरून प्रतवारी होते. फिक्या प्रतींत ‘एक्स’, मग ‘डब्ल्यूडब्ल्यू’ म्हणजे पाण्यासारखी निखळ, ‘डब्ल्यूजी’ म्हणजे खिडकीच्या काचेइतकी, त्यापुढे एन, एम, के असं करत गडद तपकिरी ‘डी’पर्यंत. गडद राळ वाईट असं नव्हे. ती जास्त तापलेली, जास्त हवा खाल्लेली किंवा कमी गाळलेली असू शकते. तुमच्या खड्यांचा पातळ तुकडा उजेडासमोर धरून पाहा. पारदर्शक असेल तर ठीक. आत पांढरट ढग दिसत असेल तर एक तर ओल आहे किंवा राळेतली आम्लं स्फटिक होऊ लागली आहेत. फ्लक्ससाठी तेही चालतं, वडीसाठी नाही.

हे स्फटिकांचं प्रकरण समजलं की राळेचं बरंचसं वागणं उलगडतं. राळेत साधारण ९० टक्के राळ-आम्लं असतात आणि बाकी आम्ल नसलेले पदार्थ. आम्लांत प्रमुख ॲबिएटिक आम्ल, सूत्र सी-२०, एच-३०, ओ-२. त्याची जवळची भावंडंही असतात: पायमॅरिक, निओॲबिएटिक, पॅलुस्ट्रिक, लेव्होपायमॅरिक, डीहायड्रोॲबिएटिक. शुद्ध ॲबिएटिक आम्ल १७० अंशांच्या वर वितळतं. पण इतक्या सारख्या-तरी-वेगळ्या रेणूंची सरमिसळ असल्यामुळे त्यांना एका ओळीत नीट रचून बसता येत नाही, आणि ते स्फटिक न होता काच होऊन गोठतात. म्हणूनच राळेला ठरावीक वितळणबिंदू नाही. ७०-८० अंशांच्या आसपास ती मऊ पडते, १०० ला दाट ओघळते, १२० च्या पुढे ओतण्याजोगी पातळ होते. पाण्यावर भांडं ठेवून तापवणाऱ्यांची इथे निराशा होते. राळ नरम तर पडते, पण चमच्याला पाकासारखी तार सुटते आणि साच्यात काही उतरत नाही. मग वैतागून भांडं थेट ज्योतीवर जातं, आणि अपघात तिथे होतात.

वितळवायची असेल तर माझी पद्धत सांगतो. तापमान ठरवून देता येणारी विजेची हॉटप्लेट, उघडी ज्योत नाही. जाड बुडाचं स्टीलचं भांडं, अर्ध्यापेक्षा कमी भरलेलं, दांड्याला हात लागून ते उलटणार नाही असं ठेवलेलं. तापमापक द्रवात बुडालेला. १२० ते १३० अंशांच्या पुढे न्यायचं कारण नाही. राळेची वाफ पेट घेण्याचं तापमान साधारण १८५ अंशांच्या वर असतं, म्हणजे दोन्हींत अंतर आहे, पण हॉटप्लेटच्या तव्याचं तापमान द्रवाच्या तापमानापेक्षा पुष्कळ जास्त असतं, हे विसरू नका. भांड्याला नेमकं बसणारं झाकण हाताशी हवं. पेटलंच तर झाकण ठेवायचं, वीज बंद करायची आणि गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. कोरडी वाळू, कोरड्या पावडरीचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक चालतं. पाणी मारू नका. तापलेल्या राळेखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळती राळ चहूकडे उडते. पेटलेलं भांडं उचलून बाहेर पळण्याचा मोह तर मुळीच नको. बहुतेक मोठ्या भाजण्या त्या धावपळीत होतात.

वितळलेली राळ त्वचेवर पडली तर ती चिकटून बसते आणि उष्णता धरून ठेवते, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा जखम खोल होते. लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. चिकटलेली राळ ओढून काढू नका, सोबत कातडी येते. बर्फ नको, मलम नको. जागा मोठी असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, तर पाण्यानंतर थेट डॉक्टर. लांब बाह्यांचा सुती कपडा, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा, एवढं मी भांडं तापायला ठेवण्याआधी करतो. मूल त्या खोलीत नको, आणि ‘दाराशी उभं राहून बघू दे’ हेसुद्धा नको.

आता फ्लक्स. इथे तापवायची गरजच नाही. राळ अल्कोहोलमध्ये गारच विरघळते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यातल्या पाण्यामुळे राळ पूर्ण विरघळत नाही आणि वाळल्यावर पांढरट थर राहतो. १०० मिलिलिटरला २५ ग्रॅम राळ ही चांगली सुरुवात. ब्रशने लावायचा असेल तर थोडा दाट, पेनमध्ये भरायचा असेल तर पातळ. काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत खडे टाका, रात्रभर राहू द्या, मधूनमधून हलवा, मग गाळून घ्या. तळाशी उरलेला गाळ म्हणजे माती आणि साल. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंशांनाही पेटू शकते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ती नेहमीच पेटण्याजोगी असते. लवकर विरघळावी म्हणून बाटली गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ ठेवू नका.

हा फ्लक्स काम कसा करतो ते थोडं सांगतो, कारण त्यावरून कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे आपोआप कळतं. खोलीच्या तापमानाला राळ धातूला काहीच करत नाही. तापून पातळ झाली की तिच्यातलं आम्ल जागं होतं, तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं आणि कथिलाला धातूचा स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. काम झालं की राळ पुन्हा काच होते, वीज वाहू देत नाही, गंजवत नाही. ज्याचं आम्लपण फक्त गरजेपुरतं जागं होतं असा पदार्थ शोधून सापडणं कठीण, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सने राळ इतकी वर्षं सोडली नाही. सोल्डरच्या डागाभोवती, म्हणजे जोडाभोवती, हिरवट झाक दिसली तर घाबरू नका. तांबं आणि ॲबिएटिक आम्ल यांचं ते संयुग असतं, बहुतेक वेळा निरुपद्रवी. मात्र बाजारात मिळणाऱ्या काही राळ-फ्लक्समध्ये जोर यावा म्हणून क्लोराइडसारखे पदार्थ मिसळलेले असतात. तो फ्लक्स वापरलात तर काम झाल्यावर अल्कोहोलने धुवा, आणि धुताना कंजूषी नको. कमी द्रावकाने पुसलं की राळ निघत नाही, फक्त पसरते. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलवर साधी राळ चालत नाही, त्यांचा ऑक्साइड तिच्या आवाक्याबाहेरचा. नळजोडणीच्या कामातला झिंक क्लोराइडचा फ्लक्स त्याऐवजी सर्किटवर वापरणारे भेटतात. काही महिन्यांत तारा गंजून तुटतात.

धुराबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की तो शिशाचा असतो. शिसं उकळतं १७४९ अंशांना. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५०-४०० अंशांच्या आसपास असतं, तिथे शिशाची वाफ नगण्य. शिसं पोटात जातं ते हातातून. सोल्डरची तार हाताळून तसंच खाणं, तार दातात धरणं. म्हणून शिसं असलेलं सोल्डर वापरत असाल तर साबणाने हात धुणं आणि मुलाच्या हाती तारेचे तुकडे न लागणं महत्त्वाचं. पण जो पांढरा धूर दिसतो आणि ज्याने तुम्हाला खोकला येतो, तो फ्लक्सचा म्हणजे राळेचा. ‘बिनशिशाचं सोल्डर आणलंय, आता धूर चालेल’ हा हिशेब त्यामुळेच उलटा आहे. बिनशिशाचं सोल्डर जास्त तापमान मागतं, आणि आयर्न जितकं तापलेलं तितका धूर जास्त.

हा धूर दमा लावू शकतो, आणि हे नुसतं ऐकीव नाही. ब्रिटनमध्ये राळेच्या फ्लक्सच्या धुराला कामाच्या जागी कायदेशीर मर्यादा आहे: आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम, आणि थोड्या वेळासाठी ०.१५. हे फार छोटे आकडे आहेत. आणि खोड अशी की हा दमा पहिल्या दिवशी होत नाही. काही महिने, कधी काही वर्षं काहीच त्रास नसतो. शरीर एकदा संवेदनशील झालं की मग अगदी थोड्या धुरानेही छाती भरते, आणि ती संवेदनशीलता सहसा परत जात नाही. ओळखण्याची एक खूण डॉक्टर नेहमी विचारतात: त्रास कामानंतर संध्याकाळी किंवा रात्री वाढतो का, आणि सलग सुट्टी घेतली की कमी होतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर थांबा आणि तपासून घ्या. तुमचा खोकला नुसता घशाला धूर लागल्याचा असू शकतो, दमाही असू शकतो. ते ठरवणं तपासणीचं काम आहे, माझं नाही.

धूर टाळायचा कसा? सोल्डर करताना आपण नकळत डागावर वाकतो आणि धूर सरळ नाकात येतो. मान बाजूला घ्या, लागलं तर भिंग वापरा. त्यानंतर धूर ओढून घेणारा पंखा. चांगला तो, जो नळीने धूर खोलीबाहेर टाकतो. टेबलावर ठेवायचे छोटे पंखे, ज्यांत काळ्या स्पंजाचा चौकोन असतो, ते धूर नाकापासून दूर नेतात हे खरं, पण बारीक कण बहुतांशी पुन्हा खोलीतच सोडतात. काहीच नसेल तर खिडकीशेजारी बसा आणि एक पंखा असा ठेवा की हवा तुमच्याकडून डागाकडे आणि तिथून खिडकीबाहेर जाईल. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. आयर्नचं तापमान गरजेपेक्षा वाढवू नका. टोक स्वच्छ आणि कथिल चढवलेलं असेल तर कमी तापमानात काम होतं.

आता खाज. ही गोष्ट ताज्या राळेपेक्षा बिघडलेल्या राळेची आहे. ॲबिएटिक आम्लाच्या रेणूत शेजारीशेजारी दोन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन तिथे चढतो. त्यातून जे हायड्रोपेरॉक्साइड बनतात ते त्वचेच्या ॲलर्जीचं मुख्य कारण. शुद्ध, ताजं ॲबिएटिक आम्ल त्या मानाने फारसं त्रास देत नाही. म्हणजे खड्याचा ताजा कापलेला आतला भाग आणि वर्षभर उघड्या डब्यात पडलेली पूड या त्वचेच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू. पुडीचा पृष्ठभाग अवाढव्य असतो, म्हणून ती झपाट्याने ऑक्सिजन घेते. राळ नेहमी मोठ्या खड्यांत साठवा, घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर. लागेल तेवढीच, लागेल तेव्हाच फोडा.

तुमच्या बोटांची खाज ॲलर्जीच असेल असं नाही. अल्कोहोलने त्वचा कोरडी पडूनही तसंच होतं. फरक ढोबळमानाने असा: नुसती कोरडेपणाची जळजळ लगेच जाणवते आणि दोन-तीन दिवस हात लावला नाही की शमते. ॲलर्जीची पुरळ संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उठते, पाणी धरते, आणि जिथे राळ लागलीच नव्हती अशा जागी, पापण्यांवर, मानेवर, सुद्धा पसरते. त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करता येते. पाठीवर चिकटवायच्या नेहमीच्या संचात राळ असतेच, व्हॅसलिनमध्ये २० टक्के. डॉक्टरांना ‘कोलोफनी’ हे नाव सांगा, वैद्यकात तेच चालतं. टेस्ट सकारात्मक आली तर राळ पुष्कळ ठिकाणी लपलेली असते, हे ध्यानात ठेवावं लागतं: जखमेवरच्या काही चिकटपट्ट्या, केस काढायचं वॅक्स, मस्कारा, बुटांचं पॉलिश, काही डिंक, पाइनचा भुसा. चिकटपट्टीने पूर्वी कधी चौकोनी लाल चट्टा उठला होता का, हे आठवून पाहा. बऱ्याच जणांना तो दुवा नंतर लागतो. तोवर नायट्राइलचे हातमोजे घाला आणि अल्कोहोल आत झिरपण्याआधी बदला. हाताला लागलेली राळ द्रावकाने नको, खायच्या तेलाने चोळून मऊ करा आणि मग साबणाने धुवा. राळ आम्ल आहे, साबण अल्कधर्मी, त्यामुळे ती त्यात बरीचशी धुऊन जाते. याच गुणामुळे कपड्यांच्या पिवळ्या साबणात पूर्वी राळ घालत.

पूड करायचीच झाली तर मिक्सरमध्ये नको. पातं गरम होतं, राळ मऊ पडून त्याला चिकटते, आणि तोवर जी धूळ उडते ती ठिणगीने भडकते. रंगमंचावर ज्वाळेचा भपका दाखवायला मशालीवर राळेची पूडच फेकत असत, यावरून समजा. खडे फ्रीझरमध्ये ठेवा, जाड पिशवीत घाला, हातोडीने ठेचा, पिशवी लगेच उघडू नका, धूळ खाली बसू द्या. धुळीसाठी नीट बसणारा कणरोधक मास्क लावा.

व्हायोलिनच्या वडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: स्वतःच्या एका व्हायोलिनसाठी करत असाल तर विकत घ्या. एक वडी वर्षानुवर्षं पुरते, आणि चांगली वडी ओतणं दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. तरी गंमत म्हणून करायची असेल तर थोडं. गजाचे घोड्याच्या शेपटीचे केस नुसते फिरवले तर तारेवरून घसरतात. राळ लागली की केस तारेला धरतात, ओढून नेतात, ताण वाढला की तार सुटते आणि मागे येते, लगेच पुन्हा धरली जाते. ४४० हर्ट्झचा स्वर म्हणजे सेकंदाला ४४० वेळा ही धर-सोड. तारेची ही हालचाल एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने उलगडून दाखवली. राळेचा मोठेपणा असा की थांबलेली असताना ती घट्ट धरते आणि घसरू लागली की तिची पकड एकदम सैल होते. घर्षणाच्या उष्णतेने तिचा पातळ थर क्षणभर मऊ पडतो, हे त्यातलं एक कारण.

नुसती राळ वडीसाठी फार ठिसूळ असते, गजावर पांढरी धूळ सांडते. थोडंसं मधमाशीचं मेण किंवा लार्चच्या झाडाचा दाट चीक घालून ती लवचिक करतात. किती घालायचं हे राळेवर आणि तुमच्या हवेवर अवलंबून. गरम दमट हवेत मऊ वडी चिकट होते, थंड कोरड्या हवेत कडक वडी धरत नाही. चेलो आणि डबल बासला मऊ वडी लागते. मेण शेकडा दोनपासून सुरू करा आणि थेंबभर गार करून नखाने दाबून बघा. जास्त मेण झालं तर वडी गुळगुळीत होते आणि धरण्याचा गुणच जातो. साचा सिलिकॉनचा, ओतल्यावर हळूहळू गार होऊ द्या, नाहीतर आतून तडे जातात.

आणि एक ताकीद. व्हायोलिनच्या अंगावर बसलेली राळेची धूळ अल्कोहोलने कधीही पुसू नका. पुष्कळ वाद्यांचं व्हार्निश स्पिरिटमध्ये विरघळतं, आणि राळेबरोबर तेही फडक्यावर येतं. वाजवून झालं की लगेच कोरड्या मऊ कापडाने पुसणं हाच उपाय. थर बसून घट्ट झाला असेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

मुलाबद्दल विचारलंत. पोटात जाण्यापुरतं म्हणाल तर चुकून चाटलेल्या खड्याने मोठं विष होत नाही, पण राळ खाण्याची वस्तू नाही आणि खडा घशात अडकू शकतो. शीतपेयांत आणि च्युइंगगममध्ये राळ असते असं वाचून लोक गोंधळतात. तिथे असतं ते राळेचं ग्लिसरॉलशी केलेलं एस्टर, शीतपेयातलं ई ४४५ या क्रमांकाने नोंदलेलं, शुद्ध केलेलं आणि मर्यादेत वापरायचं. तुमच्या बरणीतल्या औद्योगिक खड्याशी त्याचा संबंध नाही. मूल असलेल्या घरात मला खऱ्या अर्थाने भीती वाटते ती अल्कोहोलच्या बाटलीची आणि गरम भांड्याची. दोन्ही कुलूपबंद ठेवा. फ्लक्सच्या बाटलीवर नाव लिहा. मधाच्या रंगाचा द्रव असलेली बिननावाची बाटली मुलाला खुणावते.

उरलेली राळ नाल्यात ओतू नका, पाण्यात ती गोठून नळ बंद करते. पत्र्याच्या डब्यात थंड करून घन कचऱ्यात टाका. अल्कोहोलची फडकी बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा. टर्पेंटाइनची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापू शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर आधी त्वचेची आणि छातीची तपासणी करून घेतली असती, कारण पुढे हा उद्योग करायचा की नाही हे त्यावर ठरेल. ॲलर्जी निघाली तर फ्लक्ससाठी राळ नसलेले पर्याय मिळतात, आणि गजासाठी हायड्रोजन जोडून स्थिर केलेल्या राळेच्या वड्या मिळतात, त्या हवेने फारशा बिघडत नाहीत. त्या आणल्यात तरी पॅच टेस्ट करणाऱ्या डॉक्टरांना विचारून मगच वापरा. प्रक्रिया केलेली प्रत्येक राळ सौम्यच असते असं नाही, काही प्रक्रियांतून नवे ॲलर्जीकारक पदार्थही तयार होतात. तपासणीत काहीच निघालं नाही, तर धूर बाहेर नेणारा पंखा आधी आणा आणि मगच बाटलीत खडे भिजत घाला.